बिनतिथीचे रविवार

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात भांडी परत यायची आणि त्या आवाजानं अर्ध्या गल्लीला जाग यायची. मेटाडोरमधून उतरवताना मोठाल्या पातेल्यांसारखे गंज एकमेकांवर आपटायचे, कढईचे कान ओट्याच्या फरशीला घासायचे, झारे आणि डाव एका पोत्यात खुळखुळत यायचे. आमचं अल्लीपूरला बिछायत केंद्र होतं. लग्न असो, तेरवी असो की भंडारा, मांडवाच्या बल्ल्या म्हणजे लाकडी खांब, कनाती, सतरंज्या, स्वयंपाकाची मोठी भांडी, पाण्याचे ड्रम हे सगळं आम्ही भाड्यानं द्यायचो. धंदा आजोबांनी सुरू केला, बाबांनी वाढवला, आणि बाबांच्या धाकट्या भावानं, म्हणजे काकांनी, त्याला झालरी लावल्या. घराच्या समोरच्या दोन्ही खोल्या सामानाच्या होत्या. उरलेल्या जागेत आम्ही राहायचो. लहानपणी मी सतरंज्यांच्या ढिगावर झोपायची, आणि त्या ढिगाला हळदीचा, चुलीच्या धुराचा आणि सांडलेल्या मठ्ठ्याचा मिळून एक वास होता. आजही एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये गुंडाळलेल्या जाजमाजवळून गेले की मला क्षणभर झोप येते.

गावजेवणाची भाजी शिजेल अशा कढयांच्या घरात आई आमच्यापुरती वांग्याची भाजी एका चेपलेल्या पातेलीत करायची. भाड्याच्या भांड्यांना घरचा हात लावायचा नाही, हा तिचा नियम होता. "त्या भांड्याईनं लोकाईच्या घरचं खाल्लं हाये, आपल्या घरचं त्याईले गोड लागत नाई," असं ती म्हणायची. भाजीत तिखट एवढं असायचं की काका पहिल्या घासाला डोळे पुसायचे आणि तरी पुन्हा मागायचे.

मला इंग्रजी शाळेत का घातलं, याचं कारण आमच्या घरात वेगळं होतं. नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं बाबांना कनातीच्या कापडाचा कॅटलॉग पाठवला होता आणि तो सगळा इंग्रजीत होता. बाबा तो घेऊन गावभर हिंडले. ग्रामसेवकानं थोडा वाचला, पोस्टमास्तरनं थोडा, आणि दोघांनी सांगितलेलं एकमेकांशी जुळेना. शेवटी कापड मागवलं ते पातळ निघालं आणि पहिल्याच वादळात फाटलं. त्या वर्षी मला हिंगणघाटच्या इंग्रजी शाळेत टाकलं. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारच्या एसटीनं यायचं. शाळेत मराठी बोललं की दंड आणि घरी इंग्रजी बोललं की हसू, म्हणून मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. दुकानात बाबांच्या मागे स्टुलावर बसून लोक पाहायची. काका मला गिऱ्हाइकांसमोर उभी करायचे आणि म्हणायचे, "आमच्या घरी दादानं महागाचा रेडिओ आनला, पन त्याले आवाजच नाई." सगळे हसायचे. मीही हसायची, कारण विनोद चांगला होता.

स्टुलावर बसून मी जे पाहिलं त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे, पण एक गोष्ट नाही. गावाच्या पूर्वेला बौद्ध वस्ती होती. तिकडचं कोणी सामान मागायला आलं की बाबा हात जोडून, अगदी आदरानं म्हणायचे, "सामान बुक हाये, भाऊ." माझ्या पाठीमागे सतरंज्या छतापर्यंत रचलेल्या असायच्या. आलेला माणूस त्या सतरंज्यांकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा आणि "बरं" म्हणून उतरून जायचा. आमच्या घरी याबद्दल कोणी कधी बोललं नाही. आजोबांच्या काळापासून असंच होतं आणि बाबा वाईट माणूस नव्हते, एवढंच मी तेव्हा सांगू शकले असते. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

मी वर्ध्याला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा धंदा अडचणीत आला. हिंगणघाटला एकानं नवं केंद्र उघडलं. त्याच्याकडे रंगीत शामियाना होता, बुफेची टेबलं होती, आणि नवरा-नवरीला बसायला लाल मखमलीचं सोनेरी सिंहासन होतं. सिंहासन पाहून आल्यापासून काका जेवणात लक्ष देईनात. "दादा, लोकाईले आता पंगत नाई पायजे. उभं राहून खाचं हाये त्याईले. आपून नवा सेट नाई घेतला तं दोन वर्षांत शटर पाडा लागते." त्यातच त्या हंगामात एका मोठ्या तिथीला आमच्याकडून चार लग्नं परत गेली, कारण सगळं सामान बाहेर होतं. परत गेलेलं गिऱ्हाईक बाबांच्या मनाला फार लागायचं. आमच्या धंद्यातला प्रत्येक जण हेच करायचा. मोठ्या तिथीला गिऱ्हाईक परत गेलं की पुढच्या वर्षी सामान वाढवायचं. बाबांनी ठरवलं, नवा सेट घ्यायचा. माझ्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घालायचे. मला नागपूरला एमबीए करायचं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. जेवताना ताटाकडे बघत ते म्हणाले, "बेबी, बीकॉम होऊन राह्यलं ना तुहं. लय झालं. पुढचं मंग पाहू." पुढचं मग पाहू म्हणजे काय, हे घरातल्या भिंतींनाही माहीत होतं.

मी ताटं उचलली. पण कॉलेजमध्ये मॅडमनी एका लहान धंद्याचं आर्थिक विश्लेषण करून आणायला सांगितलं होतं आणि मी आमचाच धंदा निवडला. धंद्यात गुंतलेली वस्तू वर्षातून किती वेळ काम करते, हे मॅडमनी पहिल्याच तासाला विचारायला शिकवलं होतं. गिरणी किती तास चालते, ट्रक किती दिवस रस्त्यावर असतो. आमची कढई किती दिवस चुलीवर असते? बाबांना विचारलं तर म्हणाले, "हंगामात तिले खाली बसाले फुरसत नाई." आईला विचारलं तर ती हसायला लागली. उन्हाळ्यात कुरड्या, सरगुंडे आणि मूगवड्या वाळत घालायला तिला मोकळं अंगण लागायचं, आणि अंगण मोकळं कधी असतं याचा विचार तिच्याइतका कोणी करत नव्हतं. "एखाद दिवस धडाधड, मंग आठ आठ दिवस सामसूम. मी तं तुह्या बापाच्या सतरंज्या खाली अंथरूनच वड्या घालतो," असं ती म्हणाली. मग मी ऐकायला लागले. भांडी परत येण्याचा आवाज कोणत्या दिवशी असतो आणि कोणत्या दिवशी नसतो. आवाज नसलेलेच दिवस जास्त होते, भर हंगामातसुद्धा. आम्हाला सामान कमी पडत नव्हतं. सगळ्यांना ते एकाच दिवशी हवं होतं. नवा सेट आणला असता तर तोही त्याच दिवशी बाहेर गेला असता आणि बाकीचे दिवस जुन्या सेटच्या शेजारी बसून राहिला असता.

हे मी बाबांना रविवारी दुपारी सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका सिंहासनाचा फोटो समोर ठेवून त्याच्या मापाची जागा खोलीत कुठे निघेल ते बघत होते. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "तू म्हनतं ते खरं हाये. पन तिथी काय मी काढतो? पंचांगात लग्नं नाईत त्या दिवशी मी कोनाचा मांडव टाकू?"

"ज्यांना पंचांग लागत नाही त्यांचा," मी म्हणाले.

काकांनी वर बघितलं. बाबांना कळलं होतं. पूर्वेच्या वस्तीतली लग्नं रविवारी व्हायची, सुटीच्या दिवशी, पाहुण्यांना सोयीचं पडेल तेव्हा. तिथी नसलेल्या रविवारीही त्यांच्याकडे मांडव उभा राहायचा आणि सामान हिंगणघाटहून यायचं, आमच्या दुकानासमोरून.

"पोरी, तिकडं गेलेला गंज मंग इकडच्या लग्नात कोन घेईन?" काका म्हणाले. "हाये ते गिऱ्हाईकई जाईन."

या प्रश्नाची तयारी मी केली होती. खरं तर सगळ्या विश्लेषणात मी सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर घालवला होता. "काका, हिंगणघाटवाला सगळ्यांना देतो. मागच्या महिन्यात आपल्याच गल्लीतल्या लग्नात त्याचं सिंहासन आलं, टेबलं आली, भांडीसुद्धा आली. तुम्ही जेवलात. त्या भांड्यांत आदल्या रविवारी कोणी स्वयंपाक केला, असं कोणी विचारलं?"

काकांनी सिंहासनाचा फोटो उलटा करून ठेवला. बाबांनी सतरंजीच्या कडेचा दोरा बोटाला गुंडाळला. "आपून त्याईले इतके वर्षं नाई म्हनलं," ते म्हणाले. "आता कोन्या तोंडानं जाऊ मी?"

"मी जाते," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण तो मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

पूर्वेच्या वस्तीतले रामटेके गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. त्यांची मुलगी सुजाता वर्ध्याला नर्सिंग करायची आणि आमची एसटी एकच होती. दोन वर्षं आम्ही शेजारी बसलो होतो, तिनं मला पेपर वाचून दाखवायचा आणि मी तिला खिडकी द्यायची, असं. त्या मे महिन्यात एका रविवारी तिचं लग्न होतं. मी गेले तेव्हा गुरुजी पडवीत बसून पत्रिकांवर नावं घालत होते. सुजातानं पाणी आणलं आणि आत जाता जाता माझ्याकडे असं पाहिलं की मला बसमधली ती आठवेना. पडवीतल्या खुर्चीवर बसल्या बसल्या मला कळलं की मी दुकानात स्टुलावर बसून जे पाहत होते, ते ती वर्षानुवर्षं उलट बाजूनं पाहत होती.

मी सामानाचं सांगितलं. गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. "माह्या मोठ्या पोराच्या लग्नात मी स्वतः आलतो तुमच्या दुकानात. तुह्या बाबानं हात जोडून नाई म्हनलं. आता काऊन?"

रस्त्यानं येताना मी एक छोटं भाषण तयार केलं होतं. काळ बदलतो वगैरे. ते इंग्रजीत बरं वाटत होतं. गुरुजींच्या समोर ते तोंडातून निघेना, आणि त्याबद्दल मी आजही माझ्या लाजाळूपणाची ऋणी आहे. मी म्हणाले, "रविवारी तिथी नसली की आमचं सामान पडून असतं. पडलेल्या सामानाचं भाडं येत नाही. ते आलं नाही तर नवा सेट घेण्यात पैसे जातील आणि माझं शिक्षण थांबेल."

गुरुजींनी पत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला. मग त्यांना हसू आलं, पोटातून आलेलं. "म्हंजे आमच्यावर उपकार कराले नाई आली तू."

"नाही."

"हे बेस झालं. उपकाराचं सामान मी दारात उतरू देल्लं नसतं. भाड्याचं नेतो. आता भाव सांग." आणि मग त्यांनी असा भाव केला की मला घाम फुटला. सतरंज्या त्यांनी जवळजवळ फुकटात पाडून घेतल्या. सगळं ठरल्यावर म्हणाले, "एक अट हाये. तुमच्याकडे पहिली बल्ली मालक स्वतः गाडतात, असं ऐकलं हाये. पाटलाच्या घरी गाडतात, सावकाराच्या घरी गाडतात. माह्या घरीई मालकानंच गाडली पायजे. मजूर धाडले तं सामान तसंच परत."

आतून सुजाताचा आवाज आला, "अन् मांडवाची झालर पिवळी नको सांगा तिले, पांढरी पायजे." ते वाक्य ऐकून मला वाटलं की काम झालं.

बाबांना मी अट सांगितली. ते दोराची गुंडाळी उलगडून पुन्हा गुंडाळत बसले. शनिवारी सकाळी मी उठले तेव्हा त्यांची खड्डे खणायची सब्बल आणि दोराची गुंडाळी कोपऱ्यात नव्हती. काका घाईघाईनं सायकल काढून गेले आणि दुपारी परत आल्यावर आईला एवढंच म्हणाले, "दादानं एकट्यानं अर्धा मांडव उभा केला, वहिनी. त्याच्या गाठीपुढं आपली गाठ म्हंजे काईच नाई." पांढरी झालर काकांनी स्वतः लावली होती, हे मला सुजातानं सांगितलं.

आमच्या धंद्यात एक रीत होती, ती सांगायची राहिली. सामान परत करताना सर्वांत मोठा गंज रिकामा द्यायचा नाही. त्यात लग्नातलं थोडं गोड घालायचं, बुंदी नाहीतर जिलेबी, आणि बिछायतवाल्याच्या घरी ते आणणाऱ्यासमोरच तोंडात टाकायचं. न खाणं म्हणजे त्या घरचं कार्य नीट झालं नाही असं म्हणणं. सोमवारी सकाळी गुरुजी स्वतः मेटाडोरसोबत आले. भांडी उतरली. शेवटी मोठा गंज उतरला, तळाशी वर्तमानपत्रावर बुंदी होती. काकांना एकाएकी मेटाडोरच्या टायरमधली हवा तपासावीशी वाटली. आई दाराच्या चौकटीत उभी होती. मी पुढे होऊन बुंदी उचलू शकले असते, पण माझ्या खाण्याला त्या अंगणात काही किंमत नव्हती. शिकलेल्या पोरीची ती हौस ठरली असती.

"जबरदस्ती नाई बरं," गुरुजी म्हणाले. ते हसत होते, पण डोळे हसत नव्हते. "गंज तेवढा मांजून देला हाये."

बाबा वाकले. मूठभर बुंदी घेतली, तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिले, प्रत्येक लग्नाची चावायचे तशी. मग म्हणाले, "आचारी कोन होता, गुरुजी? पाक थोडा पुढं गेला."

काकांनी टायरवरून मान वर केली. मग गुरुजी म्हणाले, "आचारी तुमच्याच गल्लीतला. तुमच्या घरापासून तिसरं घर."

"तरीच," बाबा म्हणाले. "त्याले मी दहा वर्षांपासून सांगून राह्यलो, जाळ कमी ठेव." आणि गुरुजी असे हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. आईनं चहा ठेवला. काकांनी टायर सोडला, येऊन बुंदी घेतली, आणि पाक चांगलाच आहे, दादाचीच जीभ खराब आहे, असं जाहीर केलं. मी आत गेले आणि सतरंज्यांच्या ढिगात तोंड खुपसून रडले. आनंदानं रडतात म्हणजे काय करतात, ते मला तेव्हा कळलं.

सगळं लगेच गोड झालं असं नाही. दोन घरांनी ठरलेली लग्नं काढून घेतली. त्यातलं एक घर पुढच्या वर्षी, हिंगणघाटचा भाव ऐकून, खाली मान घालून परत आलं. वस्तीवस्तीतली अंतरं एका गंजानं मिटत नाहीत, हे मी आज जास्त ठामपणे सांगू शकते. पण धंद्याचं म्हणाल तर त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावांतले बिनतिथीचे रविवार एकामागून एक आमच्याकडे आले. गुरुजींनी स्वतः चार घरं पाठवली आणि प्रत्येकाला भाव कसा पाडायचा तेही शिकवून पाठवलं. आईला वड्या वाळत घालायला गच्चीवर जावं लागलं, याबद्दल ती मला बोलली. नवा सेट घेण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी माझ्यासमोर नागपूरच्या एसटीचं वेळापत्रक म्हणून दाखवलं, जणू मला ते माहीतच नव्हतं.

आज माझं काम लहान धंद्यांना सल्ला देण्याचं आहे. मोठ्या तक्त्यांसमोर बसले की मी आधी एकच पाहते, या माणसाची कुठली वस्तू कधी नुसती बसून असते, आणि ती बसून का असते. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड असतो. त्याचं उत्तर बहुधा तक्त्यात नसतं.

नागपूरला प्रवेशाच्या दिवशी बाबा सोबत आले होते. कॉलेजच्या मैदानावर स्वागत समारंभाचा मांडव उभा राहत होता. फी भरून मी बाहेर आले तर बाबा तिथे नव्हते. ते मांडवात होते, एका खांबाची गाठ दोन बोटांनी दाबून पाहत. मांडववाला, बाबांपेक्षा वयानं लहान, जरा चिडल्यासारखा उभा होता. मी जवळ गेले तेव्हा बाबा त्याला विचारत होते, "ह्या खुर्च्या हायेत ना तुमच्या, ह्या सालातून कितीक दिवस रिकाम्या पडून राह्यतात? हिशोब लावला हाये का कधी?"

"का बरं? तुम्हाला काय करायचं आहे?" तो म्हणाला.

"मले काई नाई कराचं," बाबा म्हणाले. त्यांनी मला हाताला धरून पुढे केलं. नागपूरच्या त्या मैदानात, इतक्या लोकांसमोर, त्यांचा आवाज दुकानातल्यासारखाच मोठा होता. "हे माही पोरगी. इथंच शिकनार हाये. हिले इचारा. फुकट सांगते आज."

त्यानं मला वर-खाली पाहिलं. मग खांद्यावरच्या फडक्यानं एक खुर्ची पुसली आणि पुढे सरकवली. मी बसले. बाबा बसले नाहीत. दुकानासमोर गिऱ्हाईक उभं राहतं तसे ते हाताची घडी घालून उभे राहिले, आणि मी बोलायला लागले.